आईचं माहेरचं नाव

बीदर शहरालगतच्या नौबादच्या चौकात संगमेश्वरचं नेट सेंटर होतं. चार कॉम्प्युटर, त्यातले तीन चालू, आणि भिंतीवर संगमेश्वरनं स्वतःच्या अक्षरात लिहिलेली पाटी: ‘आपला पासवर्ड कुणालाही सांगू नका. कुठेही लिहून ठेवू नका.’ या पाटीखाली बसून लोक आपापला पासवर्ड संगमेश्वरला सांगत आणि तो दोनशे पानी वहीत लिहून ठेवी. त्यामुळं कुणाचंच कधी अडलं नाही. पाटीवर विश्वास ठेवणारा सगळ्या बीदर जिल्ह्यात एकच माणूस निघाला, मन्नाएखेळ्ळीचा महांतेश. त्याचंच अडलं.

महांतेशनं पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला होता. दोन वर्षं तो गावातल्या ट्रॅक्टरच्या गॅरेजात होता आणि शिकलेला आहे म्हणून मेस्त्री त्याला फक्त जड वस्तू उचलायला लावी. २००९ सालच्या उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधीच्या एका शनिवारी संध्याकाळी त्याला पुण्याहून फोन आला. गुलबर्ग्याच्या नोकरी मेळाव्यात त्यानं फॉर्म भरला होता, तो कुणीतरी खरोखरच वाचला होता. चाकणच्या कारखान्यातली बाई म्हणाली, “सोमवारी सकाळी नऊला हजर व्हा. पत्र आठ दिवसांपूर्वीच मेल केलंय. त्याचा प्रिंट आणा, त्याशिवाय गेटवर आत सोडत नाहीत.”

“मॅडम, एकदा परत पाठवता का?” असं महांतेश विचारणार होता, पण तोवर बाईचा शनिवार संपला होता. रविवारी तिथं फोन उचलायला कुणी नव्हतं.

रविवारी सकाळी दहाला तो संगमेश्वरसमोर बसला. पुण्याची बस संध्याकाळी सहाला होती. मेलचं खातं तीन वर्षांपूर्वी याच खुर्चीत काढलेलं, आणि त्यानंतर ते उघडायची वेळच आली नव्हती.

“वहीत न्हाई तुझा,” संगमेश्वर पानं उलटत म्हणाला. “कामून दिला न्हाईस?”

“पाटी लावलीय की अण्णा तुमी.”

“अरे, पाटी लावायची असती.”

दोघांनी सुचतील ते पासवर्ड टाकून पाहिले. स्वतःचं नाव, अप्पाच्या गाडीचा नंबर, बसवण्णा, उलटा बसवण्णा. मग संगमेश्वरनं ‘विसरलात का’ वर बोट टेकवलं आणि पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला: तुमच्या आईचं माहेरचं नाव काय? पाच वेळा चुकलात तर चोवीस तास कुलूप.

“सोप्पं हाय,” संगमेश्वर म्हणाला. तो बी.कॉम. होता. “माहेरचं नाव म्हंजे आडनाव. सायबाच्या देशात लगीन झालं की बाईचं तेवढंच बदलतंय.”

महांतेशनं ‘बिरादार’ सांगितलं. चूक. मामाकडचे लोक गावावरून ‘हुलसूरे’ही लावत. चूक. संगमेश्वर खुर्चीत मागं रेलला आणि त्याला एकदम आठवलं.

“थांब. हे तू सांगितलंच न्हाईस. तू झेरॉक्स काढायला गेलतास. तुझा मामा बसला होता इथं. त्यानं सांगितलं आन् मी टायपलं.”

वीरण्णा मामा तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिहायचा. रकान्यात जेवढं विचारलंय तेवढंच लिहायचं, हा त्याचा धर्म. नाव विचारलं तर तो नावच सांगणार, आडनाव नाही. आणि सध्या तो श्रीशैलला पायी निघाला होता. मोबाईल घरी ठेवून, कारण मल्लय्याच्या दारात वाजला तर बरं दिसत नाही.

“मग रत्नम्मा टाका,” महांतेश म्हणाला. चूक.

“लग्नात नाव बदललं होतं का रे तुझ्या आईचं?”

महांतेशनं यावर चोवीस वर्षांत विचार केला नव्हता. त्यानं घरी फोन लावला. “अव्वा, लग्नाआधी तुझं नाव काय होतं?”

पलीकडं बांगड्या वाजल्या, फोन या कानावरून त्या कानावर गेला.

“कामून रे?” रत्नम्मा हळूच म्हणाली.

“नोकरीचं पत्र अडकलंय. नुसतं नाव सांग.”

“फोनवर सांगता येत न्हाई.”

“अगं, नाव तर हाय!”

“तेच तर. आत्याबाई हितंच बसल्यात. मी येते तिकडं.” फोन ठेवला.

मन्नाएखेळ्ळीहून बीदरला यायला सव्वा तास, बस मिळाली तर. तेवढ्या वेळात महांतेशला गप्प बसवेना. लहानपणी आज्जी अंगणात ‘धनलक्ष्मी, धनलक्ष्मी’ म्हणून कुणालातरी लाडानं हाक मारायची हे त्याला आठवलं आणि संगमेश्वर चहाला गेला होता तेव्हा त्यानं ते टाकून टाकलं. चूक. मग आठवलं, ती म्हैस होती.

आता एकच संधी उरली होती. संगमेश्वरनं परत आल्यावर कीबोर्ड उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

दोनच्या सुमाराला रत्नम्मा आली, आणि तिच्या मागून तिची सासू. म्हातारीला कुणी बोलावलं नव्हतं. बसच्या पायरीवर ती रत्नम्माच्या आधी चढली होती. आत येऊन तिनं पंख्याखालची खुर्ची धरली.

“कोण इचारायलाय हिचं नाव?”

“मशीन, आज्जी.”

“माहेर कुठलं, नाव काय, सगळं पायजे म्हण की मशीनला. सोयरीक करायलंय का?”

“आज्जी, नोकरी हाय माझी.”

“मग सांग की गं रत्ना. हिकडं तिकडं काय बघायलीस?”

रत्नम्मानं पदर नीट केला. “आत्याबाई, तुमी जरा भाईर बसता?”

“न्हाई. पंखा हाय हितं.”

रत्नम्मा भिंतीवरची पाटी वाचू लागली. चौथीपर्यंत शाळा झालेली, त्यामुळं ‘कुणालाही सांगू नका’ एवढं तिला वाचता आलं आणि ते पटलंही.

“अव्वा, सहाची बस हाय,” महांतेश म्हणाला. “उद्या नऊला गेटवर न्हाई पोचलो तर परत त्या गॅरेजात नांगरच उचलायचाय मला.”

रत्नम्मानं पोराच्या हाताकडं पाहिलं. तळहाताला ग्रीसचे काळे पट्टे होते, दोन वर्षं साबणानं न गेलेले. मग सासूकडं पाहिलं.

तेव्हा म्हातारीच्या डोक्यात उजेड पडला. “अगं बया! ते नाव व्हय!” आणि ती हसायला लागली, ती ठसका लागेपर्यंत.

झालं होतं असं. तीस वर्षांपूर्वी रत्नम्मा सून म्हणून या घरात यायची ठरली तेव्हा तिचं नाव नागव्वा होतं. सासूचंही नागव्वा. एका घरात दोन नागव्वा चालत नाहीत, कारण एकीला हाक मारली की दोघी ओ देणार, आणि ‘नागव्वा आळशी आहे’ असं शेजारी सांगायचं तर सासूचीच बदनामी. म्हणून अक्षता पडायच्या आधी मुलीचं नाव रत्नम्मा झालं. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नाही, हा तर सगळ्यांनाच माहीत असलेला नियम. त्यात रत्नम्माचं स्वतःचं नावही अडकलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. भाऊ धाकटा, तो अक्काच म्हणायचा. आईबाप गेले, त्यांच्याबरोबर हाक मारणारंही कुणी उरलं नाही.

“म्हण,” म्हातारी म्हणाली.

“कसं म्हणू आत्याबाई? तुमचं नाव हाय.”

“तुझ्या बापानं काय मला इचारून ठिवलं होतं? तुझं तुला हाय, माझं मला हाय.”

“आजपतोर कधी तोंडातनं काढलं न्हाई.”

“माझं तरी कोण काढायलाय? एकजण आज्जी म्हणतंय, एकजण आत्याबाई. रेशनवाला तेवढा नाव घेतो, त्येबी अंगठा पायजे म्हणून.” म्हातारीनं चष्मा पुसला. “म्हण. पोरगं थांबलंय.”

“ना...” रत्नम्मा पुटपुटली.

“ऐकू येईना अक्का,” संगमेश्वर म्हणाला. “एकच चान्स हाय.”

रत्नम्मानं श्वास घेतला आणि शाळेत हजेरी देतात तसं, जरा जास्तच मोठ्यानं म्हणाली, “नागव्वा!”

पलीकडच्या कॉम्प्युटरवर निकाल बघणारी पोरं वळून बघू लागली. संगमेश्वरनं एकेक अक्षर दाबलं. तीन वर्षांपूर्वी त्यानंच टाइप केलं होतं, त्यामुळं चुकलं असेल तर तसंच चुकायला पाहिजे होतं. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. म्हातारी जवळ येऊन पडद्याला म्हणाली, “अरे, हिचंच हाय. मी साक्षीदार हाय.”

कुलूप उघडलं.

आत दोनशे चौदा पत्रं होती. त्यांतल्या बऱ्याच पत्रांनुसार महांतेशला परदेशात लॉटरी लागली होती आणि नंतर लागलेली ती रद्दही झाली होती. चाकणचं पत्र मधेच कुठंतरी निमूट बसलं होतं. प्रिंटर कुरकुरला, शाई फिकी आली, पण महांतेशचं नाव आणि सोमवार, नऊ वाजता, हे वाचता येत होतं. रत्नम्मानं कागद दोन्ही हातांनी धरला आणि उलटा आहे का सरळ ते आधी बघून घेतलं.

“आता नवा पासवर्ड टाक,” संगमेश्वर म्हणाला, आणि दोनशे पानी वही उघडून त्याच्यापुढं सरकवली. “हितं लिव्ह. पाटीकडं बघू नको.”

महांतेशनं लिहिलं.

चारच्या बसला दोघी परत निघाल्या. नौबादच्या थांब्यावर रत्नम्मा पोराला सांगत होती, भाकरीचं गाठोडं वरच्या फळीवर ठेवू नको, ताकाची बाटली सरळ धर, पोचलास की फोन कर, आणि हे सगळं ती तिसऱ्यांदा सांगत होती. म्हातारी कधीच चढून खिडकीशी बसली होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

“नागव्वा!” खिडकीतून हाक आली. “ए नागव्वा! जागा धरलीया, ये की!”

रत्नम्मानं ताकाबद्दलचं वाक्य अर्ध्यावर सोडलं.

“आले, आले!” म्हणत ती पळाली. चप्पल हातात घेऊन, तिच्या वयाच्या बाईनं पळू नये तितक्या जोरात.