हात पोचला पाहिजे

"काका! अहो, उठा! उद्या पेशंट यायचेत आणि तुम्ही काय गादीवर लोळताय?"

मॅडम दारात उभ्या होत्या. नव्या इमारतीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. मी सात नंबरच्या खोलीत पलंगावर उताणा पडलो होतो.

"लोळत नाही, बेल बघतोय."

"झोपून?"

"झोपूनच बघायची असते, मॅडम."

म्हाताऱ्या माणसांचा सांभाळ करणारी आमची संस्था सुरू झाली तेव्हा सहा खोल्या होत्या. आता ही चौथी इमारत, चाळीस खोल्यांची. मी पहिल्यापासून वायरमन आणि माझी बायको पहिल्यापासून मावशी. म्हणजे आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं तिच्याकडे. तिला जाऊन आठ महिने झाले.

पहिल्याच वर्षी एक आजी आल्या. त्यांची उजवी बाजू गेलेली आणि मी बेल लावलेली उजवीकडे. बाई अख्खी दुपार ओल्या चादरीवर पडून राहिल्या, बोलावणार कसं? ही मला जिन्यात गाठून म्हणाली, "अहो, तुम्ही भिंत बघून बेल लावलीत. माणूस बघून लावा."

मला राग आला. "वायरमन तू की मी?" म्हणालो. पण जेवायच्या आधी बेल हलवली.

तेव्हापासून नवीन माणूस यायचं असलं की आधी ही त्या पलंगावर झोपायची. डोळे मिटून हात लांब करायची. बेल, पाण्याचा पेला, चष्मा, ज्या वस्तूपर्यंत हात पोचणार नाही ती हलवायची. मी पेन्सिल घेऊन उभा. "जरा खाली. अजून. हां, थांबा." बाकीच्या मावश्या बाहेरून विचारायच्या, "काय गं, नवराबायकोचं काय चाललंय आत?" ही ओरडायची, "भिंतीवर चित्र काढतोय, या बघायला!"

शेवटी ती घरी अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या उशाशीही मी बेल लावली. पहिल्याच दिवशी वाजली. मी हातातलं टाकून धावलो, तर म्हणते कशी, "काही नाही, तुमचं काम तपासलं." ती बेल मी अजून काढलेली नाही.

मॅडमना हे काहीच माहीत नव्हतं. त्या नवीन.

"प्लॅनमध्ये सगळ्या बेल उजवीकडे आहेत, काका. एका रेषेत. छान दिसतात."

"दिसतात छान. पण या खोलीत येणाऱ्या आजोबांचा उजवा हात चालत नाही. तुमच्याच कागदावर लिहिलंय. भिंत फोडायची नाही, फक्त लांब वायरीचं बटण आणि डावीकडे एक हूक."

"उद्या उद्घाटन आहे. आता काही हलवायचं नाही."

"बरं. मग तुम्ही एकदा झोपून बघा."

"काहीतरीच काय!"

मी उठून बाजूला झालो. त्यांनी बाहेर कोणी नाही ना ते बघितलं, चपला काढल्या आणि अंग चोरून आडव्या झाल्या.

"उजवा हात तुमचा नाही असं समजा. डोळे मिटा. आता तहान लागलीय, मला बोलवा."

त्यांचा डावा हात भिंतीवरून फिरला. वर, खाली, पुन्हा वर. हाताला काही लागलं नाही. मला वाटलं, हसून उठतील. पण त्या बराच वेळ चाचपडत राहिल्या. मग डोळे उघडून छताकडे बघत म्हणाल्या, "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"आमच्या हिनं."

"त्या नर्स होत्या?"

"मावशी होती," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. निघू दे.

मॅडम उठल्या, केस सारखे केले. "उद्या आठजण येणार आहेत. आठही खोल्या आज करू. बाकीच्या बत्तीस माणूस येईल तशा. पेन्सिल द्या इकडे, तुम्ही झोपा."

मी झोपलो. डोळे मिटले. डावा हात लांब केला. भिंतीला नव्या रंगाचा वास होता. मॅडम पेन्सिल टेकवून वाट बघत होत्या.

"जरा खाली," मी म्हणालो. "अजून. हां, थांबा."