याडीचा नंबर

शीला मनवर ही आरोग्यसेविका. घर यवतमाळात आणि उपकेंद्र पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवे सोडून बारा किलोमीटर आत. लसींचा डबा मांडीवर घेऊन काळीपिवळी जीपमध्ये दहा वर्षं काढल्यावर गेल्या दिवाळीत तिनं एक सेकंडहँड गाडी घेतली. पांढरी, चारच वर्षं वापरलेली. दारव्ह्याच्या दलालानं "घरची गाडी आहे मॅडम, डोळे झाकून घ्या," म्हणून गळ्यात घातली होती.

संक्रांतीपर्यंत गाडी गुणाची निघाली. मग तिच्या अंगात आलं. लख्ख उन्हात वायपर आपोआप फिरू लागले. मीटरवरचे सगळे दिवे एकदम पेटायचे. शीला आत बसलेली असताना दारं खट्कन लागायची आणि पाच-पाच मिनिटं उघडायची नाहीत. शोरूममधल्या माणसानं लॅपटॉप जोडला आणि आतली सगळी सिस्टीमच बदलावी लागेल, असं सांगितलं. त्यानं जो आकडा सांगितला त्यात अर्धी गाडी आली असती.

शीला त्यावरही गप्प बसली असती. वायपर फिरतात तर फिरू देत. पण मग फोन सुरू झाले.

पहिला फोन लागला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. ती उपकेंद्रातून परत निघाली होती, मोबाईल पर्समध्ये होता. गाडीच्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत 'यादी' असं नाव उमटलं आणि रिंग जाऊ लागली. कसली यादी, तिला कळेना. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी उचललं. कोंबड्यांचा आवाज आला, मग एका म्हातारीचा श्वास.

"बेटा," म्हातारी हळूच म्हणाली, "कत छी?"

'कुठं आहेस' असं विचारल्याचा सूर होता. शीलानं घाईनं फोन कापला. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच. तिनं मोबाईलचं ब्लूटूथ बंद केलं. दुपारी पाहावं तर ते चालूच. आता म्हातारी काही विचारतही नव्हती. नुसती ऐकत राहायची, आणि शीलाला बटण सापडेपर्यंत गाडीभर तो श्वास भरून राहायचा.

पांढरकवड्याला हायवेच्या कडेला ट्रकवाल्यांच्या शेडांमध्ये एक बंटीभाऊ राठोड आहे, हे तिला एका ड्रायव्हरनं सांगितलं. शोरूमवाले जे फेकून द्या म्हणतात ते हा उघडून नीट करतो, पैसेही वाजवी घेतो. बंटीभाऊ पन्नाशीचा होता. लहानपणीचं नाव त्याला मिशा पांढर्‍या झाल्या तरी चिकटलेलं. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, स्टिअरिंगखालचं झाकण काढलं आणि आत चाचपत राहिला. मग चिमट्यानं एक गवताची काडी बाहेर काढून तिच्या तळहातावर ठेवली. काडीला पिवळा गाळ चिकटलेला होता.

"ताई, हे गाडी पान्यात होती," तो म्हणाला. "वरवर नाही. पूर्ण बुडेल होती. धुऊन-पुसून विकली तुमाले."

प्रत्येक जोडणीत तो गाळ होता. तारा हिरव्या पडल्या होत्या. स्टिअरिंगवरच्या फोनच्या बटणाची तारही सडून दुसर्‍या तारेला टेकली होती.

"म्हून आपोआप लागते फोन. यात भुताटकी काई नाही."

शीलाच्या छातीवरचा धोंडा उतरला. तेवढ्यात बंटीभाऊनं स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि त्याचा हात थांबला.

"यादी नाही हे, ताई. याडी. आमच्या बंजार्‍यांच्या गोर बोलीत आईले याडी म्हन्तेत."

त्यानं तो नंबर आपल्या मोबाईलवरून लावला आणि जरा बाजूला जाऊन त्याच भाषेत बोलला. परत येऊन त्यानं सांगितलं,

"दारव्ह्याकडच्या तांड्यावरची धनीबाई. गाडी तिच्या पोराची, राजदीपची. मागच्या श्रावनात पुलावरून पानी जाऊन राह्यलं होतं, त्यानं गाडी घातली. तिसर्‍या दिवशी सापडला. आता ते बाई गाडीचा आवाज ओळखून म्हन्ते, पोरगा रोज फोन करते, पन बोलत नाही. घरून निघताना तिनंच अबोला धरला होता, म्हून रागावला असंन म्हन्ते."

"तुम्ही सांगितलं नाही? तार खराब झाली म्हणून?"

"माही हिंमत नाही झाली, ताई."

शीलानं आजवर कितीतरी घरांत वाईट बातम्या सांगितल्या होत्या. ती म्हणाली, "मी सांगते. तुम्ही दुरुस्त करा."

बंटीभाऊनं त्या गुरुवारी स्क्रीनसकट सगळी सिस्टीम बाहेर काढली, आतले नंबर पुसले, तारा बदलल्या. सिस्टीमच्या पोटात अजून ओल होती. ती उघडी करून त्यानं दिव्याखाली सुकत ठेवली. दारं, दिवे, वायपर ताळ्यावर आले. डॅशबोर्डच्या मध्यभागी तेवढं एक काळं भगदाड राहिलं.

रविवारी सकाळी शीला तांड्यावर गेली. गाडीचा आवाज ऐकून धनीबाई दारात आली होती. ती सरळ गाडीपाशी गेली, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत वाकली आणि सीटवरून हात फिरवू लागली.

शीलानं तिला सावकाश, सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. पाण्यानं तार सडली. बटण आपोआप दाबलं जायचं. तुमचा नंबर गाडीत राहिला होता, म्हणून तुम्हाला फोन यायचा. मग तिनं ते भगदाड दाखवलं.

धनीबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. रडली नाही.

"कधी काहाडली म्हन्ते ते पेटी?"

"गुरुवारी."

"मंग काल कोन बोललं?"

तिनं कमरेच्या पिशवीतून साधा फोन काढून शीलाच्या हातात दिला. शनिवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. अकरा मिनिटं बोलणं. नंबर शीलाचाच.

शनिवारी चार वाजता शीला अंगणवाडीत लसीकरणाच्या नोंदी भरत होती, मोबाईल तिच्या हातातच होता. तिनं आपला फोन तपासला. त्यात असा कुठलाच कॉल नव्हता.

"काय बोलले ते?" तिनं विचारलं. राजदीपच बोलला असं धरून आपण विचारलं, हे तिला उशिरा कळलं.

"नाकातोंडातलं पानी सुकलं म्हने," धनीबाई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "आता बोलता येते म्हने, याडी."

शीलानं तिथूनच बंटीभाऊला फोन लावला. सिस्टीम काल चालू केली होती का?

"कशी करीन? बॅटरीले जोडलीच नाही. उघडी पडली आहे दिव्याखाली," तो म्हणाला. "काहून, ताई?"

शीलानं फोन कापला. धनीबाईनं तिचा पदर धरला होता.

"बाई, तुले ते नको असंन तं मले देशीन का?"

पुढच्या रविवारी शीला आणि बंटीभाऊ दोघंही गेले. बंटीभाऊनं पैसे घेतले नाहीत; सिस्टीम जुन्या सुती धोतरात गुंडाळून त्यानंच आणली आणि धनीबाईच्या ओंजळीत दिली. तिनं ती अंगणातल्या खाटेवर, उन्हात ठेवली. लोंबणार्‍या तारा एकेक करून सरळ केल्या.

त्यांनी चहा घेतला. सावली खाटेकडे सरकत आली. धनीबाई मधूनच उठली, आणि झोपलेल्या लेकराला उचलावं तशी तिनं ती पेटी उचलून पुन्हा उन्हात ठेवली.