आत्याने आणलेला मासा

मित्रांनो, मी खाऱ्या पाण्याचा एक जुना टँक आहे. माझ्या पुढच्या काचेवर दोन बारीक ओरखडे आहेत आणि एका कोपऱ्यातले सिलिकॉन पिवळे पडले आहे. माझ्यात ऐंशी लिटर पाणी मावते. माणसांना हे पुष्कळ वाटते. माशांसाठी ते किती थोडे असते हे मला उशिरा कळले, आणि कळले तेव्हाही मी नुसता पाहत राहिलो. पाहण्यापलीकडे टँकला काही करता येत नाही.

एका काच कापणाऱ्याने मला घडवले. त्याने पाच तुकडे कापले, कडा घासल्या, जोड चिकटवले आणि कुठे गळतो का ते बघायला मला पाण्याने भरून ठेवले. मग एका घड्याळजीने मला घरी नेले. घरात तो आणि त्याची मुलगी चिमी. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्याचे कामाचे टेबल होते. त्याच्या शेजारी, पण थेट ऊन येणार नाही अशा बेताने त्याने मला बसवले.

घड्याळजीला घाई कशी ती ठाऊक नव्हती. खडक रचून झाले, मिठाचे पाणी भरून झाले, तरी मासा एकही नाही. माशांची घाण पचवणारे जिवाणू आधी खडकांत वाढले पाहिजेत, असे तो चिमीला सांगे. आमच्याकडे जिवाणू पाळले आहेत, असे तिने शाळेत जाहीर केले आणि स्वतःचे हसे करून घेतले.

मासे निवडण्यात तो याहून सावकाश. दुकानात जाऊन नुसते बघून परत येई. मासा वाढून केवढा होतो आणि काय खातो, एवढ्याने त्याचे समाधान होत नसे. तो वरच्या पाण्यात राहतो की तळाशी, कपार धरून बसतो का, आणि दुसरा कोणी त्या कपारीपाशी फिरकला तर काय करतो, हे त्याला हवे असे. सगळ्यात भित्रा मासा आधी सोडायचा, म्हणजे त्याला जागा निवडायला मिळते, हा त्याचा नियम होता.

म्हणून पहिली आली ती फायरफिश. पुढून पांढरी, शेपटीकडे लालभडक, पाठीवर एक लांब काडीसारखा तुरा. चिमीने तिचे नाव ठिणगी ठेवले. खोलीत कोणी शिंकले तरी ती कपारीत गडप व्हायची, आणि जरा वेळाने आधी तुरा बाहेर यायचा, मग डोळे. तिच्यानंतर क्लाउनफिशची एक लहानशी जोडी आली. खडकांवर प्रवाळ फुलू लागले. घड्याळ द्यायला आलेली माणसे घड्याळ विसरून माझ्यापुढे उभी राहू लागली. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा, मित्रांनो.

समोरच्या इमारतीत घड्याळजीची मोठी बहीण राहायची. ती शाळेची बस चालवायची. आई-वडिलांमागे तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. तिला मी रिकामा दिसायचो. "बाळ्या, एवढा मोठा वाडगा आणि भाडेकरू तीनच?" असे ती दर खेपेला म्हणायची. एका रविवारी ती पाण्याने भरलेली पिशवी घेऊनच आली. आत एक मासा होता. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा, जणू दोन रंगांत बुडवून काढलेला. त्यासाठी तिने दोन दुकाने पालथी घातली होती. हा एवढाच राहतो, वाढत नाही, असे दुकानदाराने तिला सांगितले होते. ते खरेच होते. फक्त आकाराबद्दल खरे होते.

घड्याळजीने मासा ओळखला. तो डॉटीबॅक होता. बोटाएवढा असूनही सगळ्या कपारी आपल्याच समजणारा. पिशवी हातात धरून तो जरा वेळ थांबला. ताई घामाघूम होऊन सोफ्यावर बसली होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"छान आहे, ताई," तो म्हणाला.

डॉटीबॅकने ठिणगीच्या शेजारचे भोक घेतले, आणि दोन दिवसांत तिचेही घेतले. मित्रांनो, तो दुष्ट नव्हता. समुद्रात तो तिला हातभर पिटाळून परत फिरला असता आणि ती दुसरीकडे सुखाने राहिली असती. पण माझ्यात हातभर गेले की काच येते. ती काचेला लागून वळायची, आणि वळली की पुन्हा त्याच्याच समोर. त्याचा पाठलाग संपत नव्हता तो माझ्यामुळे.

ठिणगी वरच्या कोपऱ्यात, पाणी कोमट ठेवणाऱ्या हीटरच्या मागे राहू लागली. तिच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. ती अशी का करते, असे चिमीने विचारले, तेव्हा होईल सवय, असे तिचा बाप म्हणाला. डॉटीबॅकची हद्द मोडावी म्हणून त्याने दोन खडक इकडचे तिकडे केले. पण आत्या दर रविवारी आपला मासा बघायला यायची आणि काचेवर बोट टेकवून त्याचे कौतुक करायची. ती गेली की घड्याळजी मासे पकडायची जाळी हातात घेऊन माझ्यापुढे उभा राही, आणि पुढच्या आठवड्यात काढू, असे म्हणून ती खुंटीला लावी.

मासे उडी मारतात म्हणून माझ्यावर एक बारीक जाळीचे झाकण असते. एका संध्याकाळी चिमीने माशांना खायला घातले आणि झाकण दाबून धरणाऱ्या चार चापांपैकी एक लावायची राहिली. दोघे बाजारात गेले. डॉटीबॅक हीटरपाशी आला. ठिणगीला जायला एकच बाजू उरली होती, वरची.

ती टेबलाच्या पायाशी सापडली, चिमीलाच. चिमीने आधी ठिणगीकडे पाहिले, मग झाकणाच्या सुट्या कोपऱ्याकडे. ती रडली नाही. घड्याळजीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि होते असे कधीकधी, एवढेच म्हणाला. आणखी काहीतरी त्याच्या ओठांशी आले होते. ते त्याने गिळले.

त्यानंतर चिमीने माशांना खायला घालणे सोडले. माझ्या हातून काहीतरी राहतेच, असे ती म्हणायची. माझ्या शेजारून जाताना ती चारही चापा चाचपून बघायची, दारापर्यंत जाऊन परत यायची, पुन्हा बघायची. तिचा बाप चष्म्यावर भिंग चढवून घड्याळात मान घालायचा. त्याने माझी काच पुसणे सोडले. माझ्यावर हिरवे शेवाळ चढले. मला ते बरे वाटले. आतले कोणाला दिसू नये असे मलाही वाटत होते.

पुढच्या रविवारी आत्याला ठिणगी गेल्याचे समजले. झाकण नीट लावायचे गं, एवढे ती चिमीला म्हणाली, पण लगेच विरघळली. "जाऊ दे. मी दुसरी आणते तुला, अगदी तश्शीच."

"नको आत्या," चिमी म्हणाली. "मी तिलाही मारीन."

घड्याळजीच्या हातातला चिमटा टेबलावर पडला.

"चिमे, तू नाही मारलंस," तो म्हणाला. "चाप राहिली, ते खरं. पण ती वर का उडाली, ते मला माहीत होतं. ताई, तुझा मासा तिच्याबरोबर ठेवायचा नसतो. मला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"मग सोडलास कशाला?"

"तुला नाही म्हणवेना."

आत्या उठून माझ्यापाशी आली आणि शेवाळातून आत बघू लागली. मग म्हणाली, "लहानपणी मी आणलेले बूट घट्ट झाले, तर तू वर्षभर तसेच घातलेस. टाचा सोलून निघाल्या तरी बोलला नाहीस. पण बाळ्या, तेव्हा निदान पाय तुझे होते."

 चिमी बापाकडे बघत राहिली. बाप चुकतो हे तिला बहुधा त्या दिवशी कळले.

डॉटीबॅकला पकडायला माझ्यातला एकूण एक खडक बाहेर काढावा लागला. आत्याने बाह्या वर करून बादल्या धरल्या, आणि दुकानात तो परत द्यायलाही तीच गेली. माझी काच पुसली गेली. चिमीने पुन्हा खायला घालायला सुरुवात केली. सगळ्या चापा ती लावते, आणि बाप तिच्या मागे जाऊन बघत नाही. बघायचे नाही, हे त्याने ठरवून टाकले आहे.

पण टेबलाशी बसताना तो अजूनही आधी हीटरच्या मागे बघतो. तिथे काही नसते. दुसरी ठिणगी त्याने आणली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या टँकमध्ये तुम्हाला रिकामी जागा दिसेल. ती कोणाची तरी असते. भित्र्याला पळण्यासाठी ती हवी असते. तिच्यात कोणाला आणायचे असेल तर आधी आत राहणाऱ्यांकडे पुष्कळ वेळ बघा. आणि नाही म्हणायचे असेल तर पाण्यात सोडण्याआधी म्हणा, समोर कितीही जवळचे माणूस बसलेले असो. त्याला वाईट वाटेल, पण ते तुमच्याशी बोलू शकेल. माशाला बोलता येत नाही, आणि मलाही काच बाजूला सारता येत नाही.