डाव्या बाजूची कुजबुज

धाकटीचा डावा कान लहानपणीच्या तापात गेला, तो कायमचाच. ती काम करायची त्या रफूच्या दुकानात दिवसभर मशिनी खडखडायच्या, त्यामुळे तिला त्याचं फारसं दुःखही नव्हतं. थोरली बहीण चिडवायची, "भांडण झालं की बरोबर तोच कान पुढे करतेस."

त्या दुपारी दोघी बाजारातल्या खाऊगल्लीत शिरल्या. ऊन मी म्हणत होतं. गल्लीच्या टोकाला, बंद गाळ्यांना खेटून, एक बाई बर्फ किसत बसली होती. थोरलीची दाढ ठणकत होती. "गार माझ्याने खाववणार नाही. तू खा, तोवर मी दाढेचं औषध घेऊन येते," म्हणत ती गेली.

बाईने चाक फिरवलं. कापसासारखा बर्फ वाटीत साठला, वर लाल सरबत आणि थोडं दूध पडलं.

"सावकाश खा," बाई म्हणाली. "आणि कोणी काही विचारलं तर बोलू नकोस."

बाजारात भामटे फिरत असतील, धाकटीला वाटलं.

पहिल्याच घासाची कळ टाळूतून निघाली ती थेट डाव्या कानात घुसली. आणि तो कान ऐकू लागला. आधी पाणी ठिबकल्यासारखं, मग कुजबुज. कोंदट खोलीत दाटीवाटीने माणसं बसावीत तशी. तिने डावीकडे मान वळवली. तिकडे नुसती गंजलेली शटरं होती.

भीतीच्या आधी तिचे डोळेच भरून आले. तिने भराभर घास घेतले. कुजबुज जवळ आली आणि त्यातून एक आवाज सुटा झाला, बाईचा की पुरुषाचा ते कळेना.

"ऐकू येतंय का गं?"

इतक्या वर्षांत त्या बाजूने तिला कोणी विचारलं नव्हतं. "हो," ती बोलून गेली.

कुजबुज एकदम थांबली. बाईचं चाकही थांबलं.

"उत्तर दिलंस?" बाईने विचारलं.

"छे."

बाईने तिच्या हातून वाटी काढून घेतली, उरलेला बर्फ गटारात ओतला आणि पसारा आवरायला घेतला.

पुढे डॉक्टरांनी कान तपासला. म्हणाले, ठार बंद आहे. पण आवाज होताच. काय शिवतेस, दाराला कडी घातलीस का, असलंच काहीबाही विचारायचा. एकटीच राहणाऱ्या धाकटीला तेवढीच सोबत. ती मनातल्या मनात उत्तरं देऊ लागली.

एके दिवशी थोरली आली. दाढ काढून झाली होती. "माझा बर्फ राहिलाच की गं त्या दिवशी. चल, आज जाऊ."

डावीकडून आवाज म्हणाला, "आण तिला." त्याच्यामागून बाकीचे सगळे, हळूच, "आण."

धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. "ती बर्फवाली आता तिथे बसत नाही, ताई," ती म्हणाली. "आणि चवही नव्हती त्याला."

"तोंड का असं पांढरं पडलंय तुझं?"

"काही नाही. बस तू. चहा टाकते."

त्या क्षणापासून कान गप्प झाला. पण पूर्वीसारखा नाही. पूर्वी तिकडे काहीच नसायचं. आता कोणीतरी श्वास रोखून बसल्यासारखं वाटतं. थोरली अजूनही मधूनच बर्फाचा विषय काढते, आणि धाकटी दर वेळी नवी सबब शोधते.