माझ्या घशातलं दूध

मित्रांनो, मी हात धुण्याचं एक जुनं बेसिन आहे आणि मला फार राग आलेला आहे. तेवढं आधीच सांगून ठेवते.

तैवानमधल्या यिंग-ग गावच्या भट्टीत भाजून निघाले, तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. तैनानच्या एका रुग्णालयात, दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या बाळांच्या कक्षात मला बसवलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. इथली बाळं तळहातावर मावतील एवढी. त्यांना हात लावण्याआधी जो तो माझ्यापाशी यायचा. तपासणीला आलेले मोठे साहेब म्हणायचे, "बेसिन बघा, कसं लखलखतंय." मला तेव्हा अभिमान वाटायचा. साहेबांनी माझा घसा मात्र कधी पाहिला नाही.

पुढे बाळांची संख्या वाढली, जागा तेवढीच राहिली. माझ्या कडेला फळी ठोकली आणि बाळांना दूध पाजायच्या सिरिंजा तिथे वाळत ठेवू लागले. उरलेली औषधं माझ्यात ओतली जायची. उरलेलं दूधसुद्धा, कारण आईचं दूध कचऱ्यात टाकायला इथे कुणाचा हात धजत नाही. भावना चांगली होती, पण ते सगळं माझ्या नळीच्या वाकात साचलं. जंतू दुधावर पोसले आणि औषधांच्या थेंबांवर तालमीत तयार झाले. आता ते कुठल्याच औषधाला भीक घालत नाहीत. वरून नळाची धार पडली की ते उडून शेजारच्या फळीवर बसतात.

हे सगळ्यात आधी श्युच्यू मावशींना कळलं. त्या इथली फरशी पुसतात.

"सिस्टर, बेसिनला आंबूस वास मारतोय. पाणीपण तुंबतंय," त्या मुख्य परिचारिका ल्याओंना म्हणाल्या.

"मावशी, इथं पोरांना श्वास घ्यायची मारामार, अन् तुम्हाला बेसिनचं पडलंय. दुरुस्तीचा अर्ज टाकलाय मी. नववर्षानंतर येतील ते लोक. तोवर हे ठेवा त्याच्या डोक्यावर."

त्यांनी मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट पुढे केलं. इथे प्रत्येक यंत्रावर असं पाकीट असतं. ते ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं म्हणे, फक्त खाऊची तारीख उलटलेली नको.

"खाऊनं पाईप सुधारला असता, तर माझा नवरा कधीच सुधारला असता," मावशी पुटपुटल्या. पण पाकीट ठेवलं.

पंधरवड्यात तीन बाळं तापली. सगळ्यांचे हात तपासले, फोन तपासले, काचेच्या पेट्या तपासल्या. मला कुणी विचारलं नाही. जिथे हात स्वच्छ होतात तिथे घाण कशी असेल? कुणीतरी पाकिटाची तारीख मात्र पाहिली आणि नवं आणून ठेवलं. शिकलेली माणसं ही! शेवटी खापर मावशींच्या पोछ्यावर फुटलं आणि त्यांना खालच्या मजल्यावर धाडलं. खरं बोलणाऱ्याच्या वाट्याला हेच येतं.

त्या तिघांतली एक मुलगी गेली. नऊशे दहा ग्रॅमची होती. तिला अजून नावही नव्हतं. पायातल्या पट्टीवर आईचं नाव होतं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप, चुआंग, नेहमीसारखा बर्फाची पेटी घेऊन आला. बाळंतिणीनं महिनाभर उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून रोज तोच दूध आणून द्यायचा.

"तिच्या आईला अजून सांगितलं नाहीये," तो म्हणाला. "सकाळी काढून दिलं तिनं. माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. तुम्हीच करा याचं काहीतरी, सिस्टर."

ल्याओंनी पेटीतली दुधाची पिशवी दोन्ही हातांनी घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते. कचऱ्याच्या डब्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पिशवी उघडून दूध त्यांनी हळूहळू, जपून माझ्यात ओतलं. ज्यांनी मुलगी खाल्ली, त्यांनाच तिचं दूध पाजलं.

दूध खाली जाईना. माझ्या तळाशी ते तसंच साचून राहिलं.

"तुंबलंय का?" चुआंगनं विचारलं.

"जुनं झालंय," ल्याओ म्हणाल्या.

तेवढ्यात आत एक बाळ रडलं. त्यांनी घाईघाईनं नळ सोडला, साबण लावून खसाखसा हात धुतले आणि धावल्या. धारेनं उडालेले शिंतोडे शेजारच्या सिरिंजांवर पडले. ल्याओ वाईट बाई नाहीत, मित्रांनो. म्हणूनच मला जास्त संताप येतो.

आज माझ्या डोक्यावर नवा फलक लागला आहे: हात वारंवार धुवा. बाकीच्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. मला मुळासकट उखडा, नळीसकट फोडा, आणि मावशींना वर बोलावून त्यांची माफी मागा. तिच्या रिकाम्या झालेल्या काचेच्या पेटीत सकाळीच दुसरी मुलगी आली आहे. हातोडा आणा.