हिएरोनिमचं शेवटचं पडणं

हिएरोनिम अंथरुणात वारला, आणि तोही पलंगावरून न पडता. गावाला याचंच जास्त नवल वाटलं.

पाठीला पिसांचे पंख बांधणाऱ्या भालाइतांच्या घोडदळात त्यानं उमेदीची वर्षं काढली. लढाईत तो कधी पडला नाही. तिथं स्वार गुडघ्याला गुडघा लावून दौडतात, पडायला जागाच नसते. पण लढाई संपली की संपलं. सेनापतीसमोर कवायतीत पडला, स्वतःच्या वरातीत पडला, आणि एकदा तर उभ्या घोड्यावरून पडला. दर वेळी त्याचा पांढरा घोडा सिवेक जागच्या जागी थांबायचा आणि मान खाली घालून वाट बघायचा. मागच्या रांगेतला त्याचा चाकर ओनुफ्री उतरून त्याला उचलायचा. "काही लागलं नाही रे," हिएरोनिम म्हणायचा. लागलेलं असायचं.

आता प्रश्न अंत्यविधीचा होता. त्यांच्या माझोव्हिया प्रांतात रिवाज असा, की मेलेल्याचं चिलखत घालून कुणीतरी त्याच्याच घोड्यावरून भर चर्चमध्ये दौडत यायचं, शवपेटीच्या चौथऱ्यावर भाला मोडायचा आणि धाडकन खाली कोसळायचं. त्याशिवाय घोडेस्वार मेला असं कुणी धरत नाही. हे काम ओनुफ्रीच्या गळ्यात पडलं.

"बाईसाहेब, भाला मोडतो, पण पडायचं तेवढं राहू द्या," तो हिएरोनिमच्या विधवेला, पेट्रोनेलाला म्हणाला. "अख्खी पंचक्रोशी हसेल. सेवेरिनसाहेबांनी पहिला बाक आधीच सांगून ठेवलाय म्हणे."

शेजारचा हा सेवेरिन हिएरोनिमच्या पडण्याचे किस्से सांगून आयुष्यभर लोकांकडं फुकट जेवला होता.

"पडायचं," पेट्रोनेला म्हणाली. "रिवाज म्हणजे रिवाज. पण कुणाला हसू येता कामा नये."

"म्हणजे कसं पडू?"

"मला काय विचारतोस? इतकी वर्षं मागून कोण बघत होतं?"

"बघितलंय म्हणून तर सांगतोय. धनी पडले की मलासुद्धा हसू यायचं, बाईसाहेब."

"मला नाही का यायचं?" ती म्हणाली, आणि सुतकी चेहऱ्यानं पुन्हा मेणबत्त्यांच्या वाती कातरू लागली.

ओनुफ्री स्वतः जन्मात घोड्यावरून पडलेला नव्हता. त्यानं तबेल्यामागं कुंपणावर बसून गवतात पडण्याचा सराव केला. कोंबड्यांवर त्याचा काही परिणाम झाला नाही. धन्याची शेवटची लाज आपल्या हाती आहे आणि आपण ती घालवणार, या विचारानं त्याला जेवण जाईना.

विधीच्या दिवशी चर्चच्या दारातच ओनुफ्रीच्या पाठीचा उजवा पंख कमानीला अडकला आणि मोडला. पिसं पाद्रीबाबांच्या डोक्यावर उतरली. सेवेरिनच्या मिशा थरथरल्या. भाला मात्र झकास मोडला. मग ओनुफ्रीनं रिकिबीतून पाय काढले, डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. भांड्यांची फळी कोसळावी तसा आवाज झाला. सेवेरिन फिस्सकन हसला, त्याच्यामागचे दोन बाक हसले. चौथऱ्यापाशी पडलेल्या ओनुफ्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिवेक जागच्या जागी थांबला होता.

ओनुफ्री धडपडत उठला. सिवेकनं त्याला हुंगलं आणि सोडून दिलं. मग शवपेटीकडं तोंड करून त्यानं मान खाली घातली आणि तो वाट बघत उभा राहिला. रिवाजाप्रमाणे आता घोडा बाहेर न्यायचा होता. ओनुफ्रीनं लगाम ओढला, घंटा वाजवणाऱ्यानं ओढला. घोडा हलेना. पाद्रीबाबांची प्रार्थना मध्येच थांबली. कुणी हसत नव्हतं. सेवेरिन तर हुंदके देऊन रडत होता. इतकी वर्षं फुकट जेवलेल्या माणसानं तेवढं करायलाच हवं होतं.

पेट्रोनेला उठली. घोड्याजवळ गेली, त्याच्या मानेवर हात ठेवला.

"चल रे," ती म्हणाली. "काही लागलं नाही त्यांना. या वेळी खरंच नाही लागलं."

सिवेकनं थोडा वेळ घेतला. मग तो तिच्या हाताबरोबर वळला आणि चालू लागला. ओनुफ्रीनं मोडका पंख उचलला आणि नेहमीसारखा त्यांच्या मागून निघाला. तोही रडत होता, पण त्या चिलखतात हात डोळ्यांपर्यंत पोचत नव्हते.