विमलीचं रीळ

आमच्या देवघरात खंडोबाच्या पायाशी, तलवारीच्या शेजारी, पत्र्याचा एक गोल डबा असायचा. बाहेरच्यांना वाटायचं प्रसादाचा आहे. एकदा एक पाहुणी दसऱ्याला "लाडू का हो?" म्हणत हात घालायला गेली, तर तिचं मनगट मी तिथल्या तिथं धरलं. लाडू नव्हते. सिनेमाचं रीळ होतं, आणि त्या रिळात माझी धाकटी बहीण होती.

विमली तिचं नाव. आई गेल्यावर ती आणि आबा इकडं कानडी मुलखात, चामराजपेटेत, आमच्याकडेच राहायला आले. तिचा गळा असा होता की ती धुणं धुवायला बसली की शेजारच्या कानडी बायका नळ बंद करून ऐकायच्या. धारवाडकडचे हणमंतराव म्हणून एक गृहस्थ तेव्हा 'मलप्रभेचा घाट' नावाचा मराठी सिनेमा काढत होते. त्यांनी तिला ऐकलं आणि मागायलाच आले. आबा नाही म्हणाले. माझे मालक कृष्णाजी हो म्हणाले. घर मालकांचं, म्हणून ती गेली. नदीच्या घाटावर धुणं आपटत गाणं म्हणायचं, एवढंच तिचं काम.

सिनेमा लागायच्या आधी ती काविळीनं गेली. तेरावं झालं आणि आबांनी तिचे सगळे फोटो न्हाणीघरातल्या बंबात घातले. म्हणाले, "तोंडाला रंग लावलेली पोर आमच्या घरात नव्हती." त्या पाण्यानं कुणी आंघोळ केली नाही. पण फोटो गेले ते गेले.

पुढं सिनेमा परदेशातल्या कुठल्याशा महोत्सवाला गेला. तिथल्या लोकांनी सांगितलं, गाणं फार लांब आहे, काढा. हणमंतरावांनी काढलं. काढलेलं रीळ घेऊन ते आमच्या दारात आले आणि म्हणाले, "हे तुमच्या घरचं आहे." पुढं इथल्या सगळ्या प्रिंटा कुठं कुठं सडल्या, जळल्या, भंगारात गेल्या. परदेशातली तेवढी राहिली, गाण्याशिवायची. म्हणजे आता जगात विमलीचं तोंड एकाच ठिकाणी होतं. आमच्या देवघरात.

मालकांनी तो डबा देवासारखा जपला. दर खंडेनवमीला तलवार, कात्री, शिवणाचं मशीन यांच्याबरोबर त्यालाही हळदकुंकू. आणि मेण वितळवून झाकणाच्या कडेनं ओतायचे. वारा लागायला नको, ओल जायला नको, मुंगी शिरायला नको. मालक गेल्यावर माझ्या मुलानं ओतलं, त्याच्यानंतर नातवानं. थरावर थर.

आता नातसुनेचं सांगते. अश्लेषा पुण्याची. बोलायला लागली की निम्मं इंग्रजी, आणि इथं येऊन दोन वर्षं झाली तरी भाजीवाल्याला 'स्वल्प कमी करा' एवढंच येतं. पण पोरगी कामाची आहे. जे. पी. नगरात एक कंपनी आहे, जुने सिनेमे आणि परदेशी सिनेमे साफ करून त्यांच्या सीडीसारख्या चकचकीत थाळ्या काढते. घरी लावून बघायच्या, डबीत घालून विकायच्या. ही तिथं निवड करणाऱ्यांत आहे.

मी तिला विचारलं होतं, "मोबाइलवर सगळं फुकट दिसतं, तर थाळ्या कोण घेतं?"

"कलेक्टर असतात आजी, जमवणारे. कपाटात ओळीनं लावून ठेवतात."

"बघतात का?"

"काही काही जण बघतात."

तर एका संध्याकाळी ती चप्पलसुद्धा न काढता आत आली. "आजी, 'मलप्रभेचा घाट' लिस्टमध्ये आलाय! यंदाची एकच जागा उरलीय. तो, नाहीतर एक पोलंडचा."

"पोलंडच्यात काय आहे?"

"एक म्हातारा बर्फातून खाणीकडे चालत जातो."

"मग?"

"पोचतो."

"त्याच्यापुढं विमली हरणार असेल तर तुमच्या कंपनीला कुलूप लावा," मी म्हटलं.

मग तिनं मला बसवून सगळं समजावलं. आधी बघायचं की सिनेमाचा हक्क कुणाकडे आहे आणि तो सही देतो का. मग प्रिंट जिवंत आहे का. मग घेणारे मिळतील का. आणि शेवटी, सोबत आणखी काय देता येईल, म्हणजे त्या वेळचं कुणी जिवंत माणूस, दोन शब्द बोलणारं. मला तर मुलगी बघायला आल्यासारखंच वाटलं. मुलगी छान आहे, पण घराणं? तब्येत? हुंडा? बरोबर पाठराखीण कोण?

"आणि आपलं रीळ जोडलं आजी, तर पूर्ण सिनेमा फक्त आपल्याकडे असेल," ती म्हणाली. "जगात कुणाकडेच नाही. मग पोलंड गेलं उडत."

डबा मी मांडीवर घेऊन रिक्षात बसले. नातू म्हणत होता मी नेतो. म्हटलं, तू तुझी बॅग ने.

कंपनी दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या खोल्यांची. तिथला मुख्य महांतेश, निपाणीकडचा, मराठी चांगली बोलतो. वाकून नमस्कार केला. "या अज्जी. आम्ही वाटच बघत होतो." पांढरे हातमोजे घातले आणि ब्लेडनं मेण कापायला लागला. कांद्यासारखे पापुद्रे निघत होते. मी मनात म्हटलं, बघ, किती जपलंय ते.

झाकण निघालं आणि वास आला.

नासलेल्या लोणच्याच्या बरणीचा असतो तसा, नाकात झोंबणारा. अश्लेषानं तोंड फिरवलं. महांतेशनं मात्र फिरवलं नाही. त्याला तो वास ओळखीचा होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"मेण कुणी लावलं अज्जी?"

"माझ्या मालकांनी. मग मुलानं, मग नातवानं. दर खंडेनवमीला."

त्यानं हातमोजे काढून टेबलावर ठेवले. म्हणाला, "ही फिल्म जुनी झाली की तिच्यातनं आंबट वाफ सुटते. ती बाहेर गेली तर फिल्म टिकते. कोंडली तर फिल्म स्वतःलाच खाते. पत्र्याचा डबा, त्यावर मेण. जितकं जपलं तितकं…"

आणि मेणाचे पापुद्रे गोळा करायला लागला.

"बोल की," मी म्हटलं. "तोंड का मिटलंस? तुझ्यापण झाकणाला मेण लावलंय का कुणी?"

पण त्याला बोलायचं नव्हतं, आणि खरं तर मलाही ऐकायचं नव्हतं. रीळ कुठं राहिलं होतं? गुळाची ढेप झाली होती. वरचे दोन वेढे त्यानं चिमट्यानं सोडवले, ते तुकडे होऊन आले. दिव्यासमोर धरून मला दाखवले. बारीक बारीक चौकोन. नदीचं पाणी. धुण्याचा दगड. लुगड्याचा काठ आणि एक पाऊल. पावलात जोडवं नव्हतं. विमलीचंच.

"आणि तोंड?"

"तोंड आत आहे अज्जी." त्यानं ढेपेवर बोट ठेवलं. "परदेशात एक लॅब आहे. तिथं सोडवायचा प्रयत्न करतात. वर्ष जातं, कधी जास्त. सुटेलच असं नाही."

मग ते सगळे काचेच्या खोलीत बसले आणि मला बाहेर कॉफी दिली. आवाज येत नव्हता, पण दिसत सगळं होतं. महांतेश उभा राहून बोलला. कुणीतरी मान हलवली. मग त्यानं काहीतरी विचारलं आणि हात वर व्हायला लागले. पहिला एका दाढीवाल्याचा. दुसरा आमच्या अश्लेषाचा.

मला वाटलं, विमलीसाठी वर केला.

डबा त्यांच्याकडेच ठेवून परतताना जयनगरच्या गर्दीत रिक्षा अडकली होती. मी विचारलं, "कशासाठी हात वर केलास?"

ती बाहेर बघत होती. "परदेशातली प्रिंट आहे तशीच काढायची, यासाठी."

"म्हणजे विमलीशिवायची."

"आजी, ऐका ना. रीळ सुटेपर्यंत थांबायचं ठरलं असतं तर यंदाची जागा पोलंडला गेली असती. हणमंतरावांचा मुलगा यंदा सही देतोय. पुढच्या वर्षी तो ऑस्ट्रेलियात. नंतर कोण शोधणार त्याला? सिनेमाच आला नसता."

"आणि आता काय आलं?"

"सिनेमा आला."

"कुणाचा?"

तिनं परत बाहेर बघितलं. मी म्हटलं, "पहिल्यांदा परक्यांनी काढली. त्यांना आपलं गाणं कळत नव्हतं, त्यांना माफ. तुला तर मी रोज तिच्या गोष्टी सांगते."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पदर पुढं केला नाही.

आठवडाभरानं मला मुलाखतीचं विचारणं आलं. त्या वेळचं जिवंत माणूस म्हणून. मी सरळ नाही म्हटलं. मग रात्रभर देवघराच्या त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून पडले आणि सकाळी अश्लेषाला म्हटलं, "येते म्हणून सांग." तोंड नाही तर नाव तरी जाईल थाळीत, असा माझा हिशेब.

हिरवं मैसूर सिल्क नेसले, नथ घातली. एका पोरीनं मला पावडर लावायला डबी उघडली, तिला म्हटलं, "ठेव ती. आमच्या घरात तोंडाला रंग लावणारी एकच होती." महांतेश कॅमेऱ्याच्या शेजारी बसून विचारत होता. शूटिंगच्या गमती सांगा अज्जी. सांगितल्या. हणमंतराव आमच्याकडे जेवायला आले आणि तिखटानं रडले, ते सांगितलं. सगळे हसले. कॅमेऱ्यात बघू नका, माझ्याकडे बघून बोला, असं त्यानं बजावलं होतं. शेवटी मी कॅमेऱ्यातच बघितलं.

म्हटलं, "या घाटावर गाणारी माझी बहीण होती. विमला. परदेशातल्या लोकांना तिचं गाणं लांब वाटलं म्हणून त्यांनी तिला काढलं. आम्ही तिला कोंडून मारलं. आणि तुम्हाला थांबायला वेळ नव्हता म्हणून तुम्ही काढलं."

मग महांतेश म्हणाला, "सरी, बरं अज्जी. छान झालं."

डबा त्यांनी परत दिला. म्हणाले, इथं ठेवता येत नाही, त्याची वाफ बाकीच्या फिल्मांना लागते. परदेशी लॅबचं बघू म्हणाले. आम्हीही देवघरात ठेवू शकलो नाही, वासानं उदबत्तीसुद्धा हरली. गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवला. यंदा खंडेनवमीला नातू मेण घेऊन आला होता सवयीनं. त्याच्या हातातनं काढून घेतलं. हळदकुंकू वाहिलं आणि झाकण तसंच उघडं ठेवलं.

दिवाळीच्या आधी थाळी आली. डबी देखणी. निळी नदी, वर सोनेरी अक्षरं. घरातली सगळी टीव्हीसमोर जमली. अश्लेषा डबी हातात घेऊन उभीच.

"आधी माझी मुलाखत लाव," मी म्हटलं.

"आजी, आधी सिनेमा बघू या का?"

"मुलाखत."

लावली. मी चांगली दिसत होते, नथ शोभत होती. हणमंतराव तिखटानं रडले. आमच्या घरातले हसले. मग मी मान वळवून कॅमेऱ्यात बघितलं, तोंड उघडलं, आणि पडदा काळा झाला. पांढरी नावं वर सरकायला लागली.

कुणी माझ्याकडे बघेना. अश्लेषा म्हणाली, "कंपनीचं नाव खराब होतं म्हणाले. मी भांडले, आजी."

"हात वर केलास का या वेळी?"

"केला. एकटीचाच होता."

मी तिला जवळ बसायला जागा करून दिली. एवढं केलं. "लाव आता सिनेमा," म्हटलं.

आबांनी थिएटरात पाऊल टाकू दिलं नव्हतं, त्यामुळं सिनेमा मी कधी बघितलेला नव्हता. चित्र इतकं स्वच्छ होतं की घाटाच्या दगडावरचं शेवाळ दिसत होतं. नायिका कळशी घेऊन पायऱ्या उतरली. पाण्याजवळ आली, थबकली. काहीतरी ऐकू आल्यासारखी मान उजवीकडे वळवली आणि हसली. मनापासून, कुणाचं तरी गाणं आवडल्यासारखी हसली. आणि लगेच धुळीतनं बैलगाडी आली.

"मागं घे," मी म्हटलं.

तिनं मागं घेतलं. कळशी. पायऱ्या. मान वळली. हसली. बैलगाडी.

"परत."

तिसऱ्यांदा ती हसली तेव्हा म्हटलं, "थांबव." अश्लेषानं थांबवलं. नायिका तशीच हसत राहिली. ती बघत होती तिकडं मीही बघितलं. टीव्हीच्या उजवीकडे आमची भिंत आहे. भिंतीवर बँकेचं कॅलेंडर आणि त्याच्या खाली पंख्याचं बटण.

"बंद करू का आजी?"

"राहू दे तसंच."

थोड्या वेळानं टीव्हीनं आपणहून ते चित्र काढून टाकलं आणि कुठलेसे परदेशातले डोंगर दाखवायला लागला, बर्फाचे.